तळ्याकाठचा सॅम

ऑकलंडच्या दक्षिण भागात मी पोलीस खात्यात सगळी नोकरी काढली. चोऱ्या, मारामाऱ्या, दारू पिऊन गाडी चालवणारे. त्यातले बरेच चेहरे आता एकमेकांत मिसळून गेलेत. एक प्रकरण मात्र वेगळं राहिलं आहे. त्याची आठवण निघाली की कोण काय बोललं, कुठे उभं होतं, हेही दिसतं. कोणाचं नाव घेणार नाही. ही मंडळी अजून इथेच राहतात आणि त्यांनी पुरेसं सोसलं आहे.

तेव्हा मी पापाकुराच्या ठाण्यात सीनियर कॉन्स्टेबल होतो. सोमवारी सकाळी काउंटरवर गर्दी असते, कारण शनिवार-रविवारचं सगळं सोमवारी येतं. हरवलेलं लायसन्स, शेजाऱ्याचा कुत्रा, जामिनावर सुटलेल्यांच्या सह्या. त्या गर्दीत एक तिशीचा मुलगा मागच्या प्रत्येकाला पुढे जाऊ देत होता. स्वतःची तक्रार असलेला माणूस पुढे घुसतो. दुसऱ्याबद्दल सांगायला आलेला माणूस असा रेंगाळतो. मी त्याला खुणेने बाजूला बोलावलं.

"काका, तुम्ही मराठी ना?"

"हो. बोल."

"कम्प्लेंट नाहीये. चूक असेल तर सोडून द्या."

तो पुण्याहून शिकायला आलेला, आता घरोघरी हीट पंप बसवायचं काम करत होता. शनिवारी बायकोमुलांना घेऊन बॉम्बे हिल्सच्या पलीकडे, एका शेतातल्या कॅम्परव्हॅन पार्कवर गेला होता. शांत जागा, मासे धरायला तीन तळी, आजूबाजूला मेंढ्या. तिथे देखभालीला एक दाढीवाला भारतीय माणूस होता. सगळे त्याला सॅम म्हणत. या मुलाच्या लेकाचा गळ गवतात अडकला, तो सोडवताना सॅमच्याच अंगठ्यात घुसला.

"आणि तो 'आई गं!' म्हणाला, काका. मी लगेच विचारलं, तुम्ही मराठी का? तर म्हणे, सॉरी मेट, आयम फ्रॉम फिजी."

"बरं."

"फिजीची माणसं 'आई गं' म्हणत नाहीत हो. माझ्याबरोबर कामाला आहेत ना, हीप्स ऑफ देम." तो काउंटरवर वाकला. "आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर मागे फोटो फिरला होता. ते फार्मसिस्ट, वेस्ट कोस्टला बुडाले ते. दाढी काढली तर तेच आहेत असं मला वाटतंय. बायको म्हणाली, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय. पण झोप लागली नाही."

त्याचा जबाब लिहून घेतला आणि जुनी फाइल मागवली.

दीड वर्षापूर्वीची केस होती. नाशिककडचा फार्मसिस्ट, वय चाळिशीच्या आत. बायको हॉस्पिटलात नर्स, एक मुलगी, फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात घर. एके दिवशी तो दुपारी दुकानातून निघाला तो घरी पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी पश्चिम किनाऱ्यावर सापडली. काळ्या वाळूत त्याचे बूट शेजारी शेजारी ठेवलेले, मोजे आत घडी करून, आणि एका बुटात गाडीची किल्ली. हेलिकॉप्टर फिरलं, बीचवरच्या जीवरक्षकांनी दिवसेंदिवस शोध घेतला. काही मिळालं नाही. तो समुद्र नेलेलं माणूस परत देतोच असं नाही.

कारणही फाइलमध्ये होतं. आदल्या दिवशी त्याच्या हातून एका चार वर्षांच्या मुलीला भलत्याच ताकदीचं पातळ औषध दिलं गेलं होतं. मुलीच्या आईचा दुकानात फोन आला की मुलगी उठत नाही, अँब्युलन्स बोलावली आहे. तो फोन त्यानेच घेतला होता. सहकाऱ्याला 'येतो जरा' म्हणून तो निघून गेला. मुलगी दोनच दिवसांत ठणठणीत होऊन घरी गेली, पण तोवर तो बेपत्ता होता. सगळ्यांनी जो निष्कर्ष काढायचा तो काढला. कागदपत्रं मृत्यूची चौकशी करणाऱ्या कोरोनरकडे गेली होती, निकाल व्हायचा होता.

मी फाइल घेऊन माझ्या सार्जंटकडे गेलो. ती फार बोलणारी बाई नव्हती. वाचून झाल्यावर म्हणाली, "गणवेशात गेलास तर तो मागच्या कुंपणावरून पसार होईल. आणि तो नसेलच, तर त्या बायकोला दुसऱ्यांदा कशाला रडवायचं? घरी काहीही कळवू नकोस. मासे धरायला जा."

म्हणून मी मित्राची कॅम्परव्हॅन मागून घेतली आणि साध्या कपड्यांत, बायकोबरोबर, दोन दिवसांसाठी निघालो. एकटा मध्यमवयीन भारतीय माणूस मासे धरायला आलेला विचित्र दिसला असता. "तपासाला बायकोला घेऊन जाणारा तू जगातला पहिलाच पोलीस," असं म्हणत तिने दशम्या आणि लसणाची चटणी बांधून घेतली.

पार्क म्हणजे काय, एका वयस्कर विधवा बाईने आपल्या शेताच्या कडेला केलेली सोय. जुन्या खाणीचे खड्डे पाण्याने भरून तळी झालेली, भोवती विलोची झाडं, दहा-पंधरा गाड्यांना वीज-पाणी, एक सामाईक स्वयंपाकघर. मालकीणबाई गमबूट घालूनच आमच्याकडे आल्या. तळ्यात टेंच आणि पर्च आहेत, टेंच मिळाला तर हात ओले करून धरायचा आणि परत सोडायचा, हा नियम त्यांनी आधी सांगितला. पैशांचं नंतर.

गाडी मागे घ्यायला सॅम आला. बारीक, उन्हाने रापलेला, छातीपर्यंत दाढी. हाताच्या इशाऱ्यांनी त्याने गाडी बरोबर जागेवर आणली, विजेची केबल जोडली आणि "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, असं म्हणून अंगठा दाखवला. अंगठ्याला चिकटपट्टी होती. तेवढ्यात माझी बायको मला जरा मोठ्यानेच म्हणाली, "अरे, ते दूध सांडलं बघ सगळं तुझ्या पिशवीत." दूध वगैरे काही सांडलं नव्हतं. अनोळखी भाषा अचानक कानावर पडली की माणूस सहज वळून बघतो. सॅमने मान जराही हलवली नाही. केबलकडे बघत राहिला. न कळण्याचं सोंग करणारा माणूस नेहमी गरजेपेक्षा जास्त स्थिर असतो.

एवढ्यावर कोणाला हात लावता येत नाही. संध्याकाळी मी ऑफिसात गेलो. तिथेच गळ, वजनाला शिसं, आमिषाला मक्याचे दाणे असलं विकायला ठेवलेलं होतं. सॅम एका ट्रेवर गळ ओतून पाकिटं भरत होता. हातात लोणी लावायची बोथट सुरी. तिच्या टोकाने तो पाच-पाच गळ एका बाजूला सरकवत होता. पाच, पाच, पाच, पाच, आणि पाकिटात. हात इतका सराईत चालत होता की बोटं लावायची गरजच नव्हती. मी दारातच थांबलो. इथल्या औषधांच्या दुकानात काउंटरपलीकडे हा हात आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. डब्यातल्या सुट्या गोळ्या अशाच मोजतात.

मी गळांचं एक पाकीट घेतलं आणि परत आलो. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग आत्ताच का नाही बोललास?"

"दिवसाउजेडी बोलतो. पळायचं ठरवलं तर अंधारात तळ्यात पडायचा."

खरं कारण दुसरं होतं. एकदा मरायला निघालेल्या माणसाला रात्रभर विचार करायला एकटं सोडायचं नसतं.

सकाळी मी आधी मालकीणबाईंना ओळखपत्र दाखवलं. त्यांचा चेहरा एकदम कडक झाला. "तो माझ्याकडे अनवाणी आला होता. पायांना फोड आलेले. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. मागच्या कॅरव्हॅनमध्ये राहतो, माझं कुंपण दुरुस्त करतो, दारू पीत नाही. टीव्हीच्या खोलीत कधी पाऊल टाकत नाही. तुम्ही त्याला नेणार असाल तर मला आधी सांगा."

"न्यायला आलो नाही," मी म्हणालो. "पण बोलणं झाल्यावर तुम्ही जवळपास राहा."

सॅम मोठ्या तळ्याच्या लाकडी फळीवर, पाण्यात गळ टाकून बसला होता. मी शेजारी बसलो, ओळखपत्र काढून मधे ठेवलं आणि मराठीत सुरुवात केली. कोण आहे, कुठून आलो, का आलो.

"आय डोन्ट अंडरस्टँड," तो म्हणाला.

मी तेच इंग्रजीत सांगितलं. तो फिजीचा, लौतोकाचा, नाव सॅम, कागदपत्रं आगीत जळाली. सगळं पाठ केलेलं. पाठ केलेल्या उत्तराची एक खूण असते: प्रश्न पूर्ण व्हायच्या आत ते तयार असतं. मी त्याला खोडलं नाही. लौतोकाला शाळा कुठली, असले प्रश्न विचारून त्याला कोपऱ्यात गाठणं सोपं होतं. पण कोपऱ्यात गाठलेला माणूस आणखी खोटं बोलतो, आणि मला त्याच्या खोटेपणाचा पुरावा नको होता.

पुन्हा मराठीत म्हणालो, "हरवणं हा गुन्हा नाही. मोठ्या माणसाला घर सोडून जायचा हक्क आहे. तुम्ही नाही म्हणालात तर तुमचा पत्ता मी कोणाला देणार नाही."

त्याने गळ वर ओढला, आमिष तपासलं आणि पुन्हा पाण्यात टाकला. पलीकडच्या काठावर कोणीतरी सॉसेज भाजत होतं, त्याचा वास येत होता. शेवटी मी उठलो, माझं कार्ड फळीवर ठेवलं, त्यावर एक दगड ठेवला.

"ती मुलगी," तो म्हणाला.

मी थांबलो. तो पाण्याकडेच बघत होता आणि मराठीत बोलत होता, दीड वर्षं न वापरलेल्या आवाजात.

"त्या लहान मुलीचं काय झालं?"

"काही झालं नाही. दोन दिवसांत घरी गेली."

"घरी म्हणजे?"

"घरी म्हणजे स्वतःच्या घरी. आईबरोबर. चालत."

"तुम्ही मला बोलतं करायला सांगताय."

"फाइल गाडीत आहे. आणून दाखवतो."

त्याच वेळी त्याचा गळ ओढला गेला. रीळ कर्रकर्र करत सुटू लागली. त्याने ती धरली नाही. दोन्ही हात तोंडावर घेऊन तो पुढे वाकला, आणि त्याचे खांदे हलायला लागले. रॉड घसरत पाण्याकडे चालली होती, ती मीच पायाखाली दाबून धरली.

मग त्याने सगळं सांगितलं. समुद्रात छातीपर्यंत गेला होता. लाटेने पाडलं, नाकातोंडात पाणी गेलं, आणि एकदम भीती वाटली. कसाबसा बाहेर आला. "समोर बूट दिसले. पण घालवेनात. वाटलं, ती मुलगी गेली असेल आणि मी बूट घालून घरी जाऊ?" फोन त्याने आधीच पाण्यात फेकला होता. तो चालत रस्त्याला लागला, एका ट्रकवाल्याने दक्षिणेकडे सोडलं. पुढे कधी बातमी पाहिली नाही, पेपर उघडला नाही, फार्मसीच्या रस्त्याला गेला नाही. मुलगी मेली असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने ते स्वतःच ठरवलं होतं आणि तिथून पुढे रोज तेवढंच धरून बसला होता.

"घरी काय सांगू?" मी विचारलं.

"काही नको. त्यांचं झालं असेल आता सगळं."

"ते मला जमणार नाही. तुम्ही जिवंत आहात आणि सुखरूप आहात, एवढं सांगावंच लागेल. कुठे आहात ते तुमच्या मर्जीवर."

त्याने मान डोलावली. मालकीणबाई चहाचे मग घेऊन आल्या आणि काही न विचारता त्याच्या शेजारी बसल्या. मी ठाण्याला फोन करून सार्जंटला कळवलं. तिने मानसिक आरोग्याच्या टीममधलं माणूस त्याच दिवशी पाठवलं. फाइलमधल्या लायसन्सच्या फोटोवरून आणि हनुवटीखालच्या जुन्या व्रणावरून ओळख रीतसर पटवली.

फ्लॅट बुशला मी गणवेशात गेलो, बरोबर एक महिला कॉन्स्टेबल. ती बाई नुकतीच ड्यूटीवरून आली होती, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र तसंच. आम्हाला बघून म्हणाली, "सापडले का? बॉडी?"

"ते जिवंत आहेत."

तिने हातातली किल्ली डायनिंग टेबलवर ठेवली. पुन्हा उचलली. पुन्हा ठेवली. नर्सबाई होती ती, लोकांना वाईट बातमी द्यायची सवय असलेली. अशी बातमी घ्यायची कोणालाच सवय नसते.

"कुठे?"

"ते मला सांगता येत नाही. त्यांनी अजून परवानगी दिलेली नाही."

"परवानगी?" तिचा आवाज चढला. "सर, सासूबाईंनी नाशकात विधी उरकले. माझं मन होईना, तर सगळे मला वेडी म्हणत होते. आणि आता ते परवानगी देणार?"

आतल्या खोलीतून तिची मुलगी आली होती, नऊ-दहा वर्षांची. मराठी तिला कळत होतं. "इज ही कमिंग होम ऑर नॉट?" तिने विचारलं. "जस्ट से."

"मला माहीत नाही," मी खरं ते सांगितलं. पोराबाळांना पोलिसांनी कधी खोटं आश्वासन देऊ नये. ती तसंच लक्षात ठेवतात.

निघताना त्या बाईने आम्हाला थांबवलं. गराजमध्ये गेली आणि एक पुठ्ठ्याचं खोकं घेऊन आली. तपास थांबल्यावर खात्याने परत केलेले बूट त्यात होते. शिवणीत अजून काळी वाळू होती. "हे द्या त्यांना," ती म्हणाली. "आणि सांगा, घालून यायचं असेल तर या. नसेल तर मला परत आणून देऊ नका." मग दार लावून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला, आणि त्याहून मोठ्याने काहीतरी आपटल्याचा.

मी तेच शब्द, तसेच त्याला पोचवले. पोलिसाने निरोपात भर घालू नये. त्याने बूट मांडीवर घेतले, शिवणीतली वाळू नखाने काढली, आणि म्हणाला, "तिला येऊ दे. पत्ता सांगा."

पुढे सगळं सुरळीत झालं असं म्हणणार नाही. ती आली, पण पहिल्यांदा स्वयंपाकघरात दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसली आणि बोलणं सगळं मालकीणबाईंनीच केलं, तळ्यातल्या माशांबद्दल. मुलगी तिसऱ्या खेपेला आली. तो औषधाच्या चौकशीला सामोरा गेला, चूक कबूल केली. दुकानात तो पुन्हा उभा राहिला नाही. पापाकुराला एक खोली घेऊन राहिला, आणि कितीतरी महिन्यांनी फ्लॅट बुशला परत गेला. निवृत्तीनंतर एकदा बॉटनीच्या मॉलबाहेर त्याची बायको मला भेटली. मी खुशाली विचारली. "एकत्र राहतोय," ती म्हणाली. "रागही आहे. दोन्ही आहे." मला ते उत्तर खरं वाटलं.

पण या प्रकरणात मला जे शिकायला मिळालं ते या कुटुंबाकडून नाही. त्या दिवशी तळ्याकाठी जबाब संपताना तो म्हणाला होता, "त्या बाई फोनवर मला खूप बोलल्या. बरोबरच होतं त्यांचं." ठाण्यात येऊन मी फाइल पुन्हा उघडली. मुलीच्या आईचा जबाब होता, जेमतेम अर्धं पान. औषध किती दिलं, अँब्युलन्स कधी बोलावली. फोनवर काय बोलणं झालं ते कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यानंतर तिला कोणी काही कळवलंही नव्हतं. कायद्याने तशी गरज नव्हती.

त्याची संमती घेऊन मी तिच्याकडे गेलो. पापाकुरातच घर. जाळीच्या दारातून गणवेश बघताच तिचा चेहरा उतरला.

"कोणाचं काय झालं?"

"कोणाचं काही वाईट झालेलं नाही," मी म्हणालो. "तो फार्मसिस्ट जिवंत आहे. तुम्हाला कळावं म्हणून आलो."

ती बाहेर आली आणि पायरीवर बसली. उंचपुरी, धिप्पाड बाई, पण बसली ती कोणीतरी खांदे दाबल्यासारखी.

"मी त्याला म्हणाले होते, तिला काही झालं तर तूही मर," ती म्हणाली. "असंच म्हणाले. आणि पुढे टीव्हीवर तो बुडाल्याचं आलं. माझी पोर तर घरी येऊन टोस्ट मागत होती. मी कोणाला सांगू? नवऱ्यालाही नाही सांगितलं."

तेवढ्यात घराच्या मागून ती मुलगी पोहायचे टॉग्ज घालून, ओल्याचिंब पायांनी धावत आली आणि पोलीस दिसल्यावर आईच्या पाठीमागे लपली. आईने तिला पुढे ओढलं नाही. नुसता हात मागे नेऊन तिचा पाय धरला. म्हणाली, "त्याला सांग, हिला बघायचं असेल तर ये म्हणावं."

तो गेला की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत मी एक काम स्वतःहून करत आलो. बेपत्ता माणसाची फाइल बंद झाली की ज्यांचे अर्ध्या पानाचे जबाब घेतले होते त्या सगळ्यांना फोन करायचा. शेवटचं बघणारा शेजारी, रजा नाकारणारा साहेब, भांडलेला मित्र. घाबरू नका असं आधी सांगायचं आणि मग शेवट काय झाला ते सांगायचं. बहुतेक जण आभार मानून फोन ठेवत. काही जण मात्र फोन कानाला लावून नुसतेच गप्प राहत. अशा वेळी मी आधी फोन ठेवत नसे.